जाळीतल्या आकृत्या मोजताना उत्तर का चुकतं आणि बरोबर कसं आणायचं

‘खालील आकृतीत एकूण किती चौरस आहेत?’ शिष्यवृत्तीच्या बुद्धिमत्ता चाचणीत हा प्रश्न भेटतो, भरती परीक्षांच्या सराव संचांत भेटतो, आणि नातेवाइकांच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर तर त्यावरून अख्खी रविवारची सकाळ जाते. चार बाय चारची साधी जाळी समोर ठेवली तरी कुणी १६ म्हणतं, कुणी १७, कुणी २६. बरोबर उत्तर ३० आहे.

चुकणाऱ्यांचं गणित कच्चं असतं असं मुळीच नाही. ते नजर जाईल तसं मोजतात, एवढंच. नजर सुट्या, ठळक आकृतीवर आधी जाते आणि एकमेकींवर चढलेल्या आकृत्या गाळते. तेव्हा प्रत्येक आकृतीला एक पत्ता द्यायचा आणि पत्त्यांच्या क्रमानंच मोजायचं. एका आकृतीचे दोन पत्ते नकोत, आणि पत्त्याविना एकही आकृती नको. खालचे सगळे टप्पे म्हणजे वेगवेगळ्या जाळ्यांत हा पत्ता कसा ठरवायचा त्याची कृती आहे.

टप्पा १ : पेन्सिल उचलण्याआधी प्रश्न वाचा

निम्म्या चुका इथेच होतात. मोजायला लागण्याआधी चार गोष्टी तपासा.

पहिली, चौरस विचारलेत की आयत? भूमितीत प्रत्येक चौरस हा आयत असतोच. त्यामुळे ‘आयत किती’ असं विचारलं की चौरसही धरायचे. ‘चौरस नसलेले आयत’ असं स्पष्ट लिहिलं असेल तरच वजा करायचे.

दुसरी, जाळी रेषांची आहे की ठिपक्यांची? रांगोळीच्या कागदावर असतात तसे नुसते ठिपके देऊन ‘चार ठिपके जोडून किती चौरस होतील’ असं विचारलं असेल, तर तिरपे चौरसही मोजावे लागतात. चार ओळी, प्रत्येकी चार ठिपके, अशा मांडणीत सरळ चौरस १४ आणि तिरपे ६, मिळून २० होतात. तेवढीच जाळी रेषांनी आखलेली असेल तर उत्तर १४.

तिसरी, रेषा या टोकापासून त्या टोकापर्यंत अखंड आहेत का? पेन्सिलचं टोक प्रत्येक रेषेवरून फिरवून बघा. प्रश्न काढणारा नेमका एक छोटा तुकडा गाळतो आणि उरलेली आकृती ओळखीची ठेवतो.

चौथी, घरं खरोखर चौरस आहेत का? घराची रुंदी उंचीच्या दुप्पट असेल तर एकही घर चौरस नाही, मात्र एकाखाली एक दोन घरं मिळून चौरस होतो. असा प्रश्न क्वचित येतो, पण आला की सूत्रवाले सगळे गडगडतात.

टप्पा २ : आकृतीवर खुणा करा

सरळ जाळी असेल तर आडव्या रेषांना डाव्या कडेला १, २, ३ आणि उभ्या रेषांना वरच्या कडेला क, ख, ग असं लिहा. वेडीवाकडी आकृती असेल तर रेषांच्या नादी लागू नका. त्याऐवजी आतल्या प्रत्येक सर्वांत लहान तुकड्याला आकडा द्या.

शेजारी कच्च्या कामाच्या जागेत दोन रकाने आखा, एक ‘आकार’ आणि दुसरा ‘संख्या’. मनात बेरीज करत जाऊ नका. मध्येच कुणी हाक मारली की सगळं पहिल्यापासून करावं लागतं. शिवाय चूक नक्की कुठल्या आकारात झाली हे नंतर शोधता येत नाही.

*सावधान :* सापडलेली आकृती रंगवून किंवा गिरवून मोजू नका. दोन-तीन आकृत्या गिरवल्या की त्यांच्यावर चढलेल्या पुढच्या आकृत्या दिसेनाशा होतात.

टप्पा ३ : पूर्ण जाळीतले चौरस

चौरसाचा पत्ता दोन गोष्टींनी ठरतो : त्याचा आकार आणि त्याचा वरचा डावा कोपरा. एक आकार घ्यायचा, वरचा डावा कोपरा कुठेकुठे बसू शकतो ते बघायचं आणि मग पुढच्या आकाराकडे जायचं.

चार बाय चारच्या जाळीत :

- एका घराचे : कोपरा कुठल्याही घरात बसतो, ४ × ४ = १६
- दोन बाय दोनचे : कोपरा शेवटच्या स्तंभात वा शेवटच्या ओळीत बसवला तर चौरस बाहेर जातो, म्हणून ३ × ३ = ९
- तीन बाय तीनचे : २ × २ = ४
- चार बाय चारचा : १

बेरीज ३०. सुरुवातीला २६ म्हणणाऱ्यानं तीन बाय तीनचे चौरस गाळलेले असतात. ते चारही मधल्या चार घरांवर एकमेकांवर चढलेले आहेत, त्यामुळे नजरेला ते वेगळे दिसतच नाहीत.

बुद्धिबळाच्या पटावर याच पद्धतीनं ६४ + ४९ + ३६ + २५ + १६ + ९ + ४ + १ = २०४ चौरस येतात. बाजूत ‘न’ घरं असतील तर हीच बेरीज न × (न + १) × (२न + १) ÷ ६ अशी एका दमात निघते. पण हे सूत्र फक्त चौरस जाळीला लागू आहे. तीन ओळी आणि पाच स्तंभ असतील तर ते विसरा आणि दोन्ही बाजू एकेकानं कमी करत गुणाकार करा : ३ × ५ = १५, २ × ४ = ८, १ × ३ = ३, एकूण २६. लहान बाजू १ झाली की थांबायचं.

*तपासा :* चौरस जाळीत प्रत्येक आकाराची संख्या वर्गसंख्या आली पाहिजे. रकान्यात ८ किंवा ५ दिसला तर तोच आकार पुन्हा मोजा.

टप्पा ४ : पूर्ण जाळीतले आयत

आयतांना आकारानुसार मोजणं शक्य आहे, पण वेळखाऊ आहे. १ बाय २, २ बाय १, १ बाय ३ असं करताना आडवा मोजला आणि उभा राहिला, हे हमखास होतं. इथे पत्ता बदला. कुठल्याही आयताला वरची व खालची अशा दोन आडव्या रेषा लागतात आणि डावी व उजवी अशा दोन उभ्या. या चार रेषा ठरल्या की आयत ठरला, आणि त्या चार रेषांतून दुसरा आयत निघत नाही.

म्हणजे काम फक्त जोड्या मोजण्याचं उरतं. तीन ओळी आणि चार स्तंभांची जाळी घ्या. आडव्या रेषा ४ आहेत. त्यांतून दोन निवडायच्या जोड्या (४ × ३) ÷ २ = ६. उभ्या रेषा ५, जोड्या (५ × ४) ÷ २ = १०. एकूण आयत ६ × १० = ६०. याच जाळीत चौरस १२ + ६ + २ = २० आहेत, म्हणून चौरस नसलेले आयत ४०.

*सावधान :* रेषा मोजा, घरं मोजू नका. तीन ओळींना चार रेषा असतात. वरच्या उदाहरणात घरांचे आकडे वापरले तर ३ × ६ = १८ येतात आणि पर्यायांत १८ दिलेला असला तर आनंदानं खूण करून माणूस पुढे जातो. बाराच्या बारा घरं आणि सगळे आयत मिळून फक्त १८, एवढा विचार केला तरी संशय यायला हवा.

बुद्धिबळाच्या पटावर ९ आडव्या आणि ९ उभ्या रेषा आहेत. ३६ × ३६ = १२९६ आयत.

टप्पा ५ : एखादा तुकडा गाळलेला किंवा जादा काढलेला असेल तेव्हा

आधी जाळी पूर्ण आहे असं धरून मोजा. मग गाळलेल्या तुकड्यामुळे कोणत्या आकृत्या मोडल्या ते बघून वजा करा. गडबड होते ती वजा करण्यात.

तीन बाय तीनची जाळी घ्या. पूर्ण जाळीत ९ + ४ + १ = १४ चौरस. आता मधल्या घराची वरची बाजू पुसून टाका. बहुतेक जण म्हणतात, त्या बाजूला लागून दोन घरं आहेत, दोन गेले, १२ उरले. चूक आहे. ती बाजू ज्या ज्या चौरसाच्या *कडेवर* आहे तो प्रत्येक चौरस मोडतो. मधलं घर गेलं, त्याच्या वरचं घर गेलं. शिवाय खालच्या दोन ओळींतले दोन बाय दोनचे दोन्ही चौरस गेले, कारण त्यांची वरची कड त्याच तुकड्यावरून जाते. एकूण ४ गेले, उत्तर १०.

आणि वरच्या दोन ओळींतले दोन बाय दोनचे चौरस? ते शाबूत आहेत. पुसलेली रेघ त्यांच्या पोटातून जात होती, कडेवरून नाही. चौरसाला चार कडा पुऱ्या असल्या की झालं, आत रेघ असो वा नसो.

कोपऱ्याचं घर कापलं असेल तर काम सोपं असतं. चार बाय चारच्या जाळीतून वरच्या डाव्या कोपऱ्याच्या बाहेरच्या दोन कडा पुसल्या, तर त्या कोपऱ्यातून सुरू होणारे प्रत्येक आकाराचे एकेक, म्हणजे ४ चौरस जातात. ३० − ४ = २६.

जादा रेषांचं उदाहरण म्हणजे फिरत फिरत सगळ्यांच्या फोनवर येऊन गेलेलं ते ‘४० चौरस’ कोडं. चार बाय चारच्या जाळीत, उभ्या मधल्या रेषेवर, वर एक आणि खाली एक असे घराएवढेच दोन जादा चौरस काढलेले असतात. प्रत्येकाचा मध्य जाळीतल्या रेषांच्या छेदावर असतो, त्यामुळे जाळीच्या रेषा त्याचे चार सारखे भाग करतात. मूळ जाळीचे ३०. प्रत्येक जादा चौरसाचा स्वतःचा १ आणि त्यातले छोटे ४, म्हणजे ५. दोन्हींचे मिळून १०. एकूण ४०. जादा चौरसाचे आतले चार भाग विसरणाऱ्याचं उत्तर ३२ येतं.

*तपासा :* जादा रेषा मूळ जाळीच्या रेषांशी मिळून आणखी नवी आकृती करतात का? या कोड्यात करत नाहीत, कारण जादा रेषा आखूड आहेत आणि जादा चौरसाच्या बाहेर जात नाहीत. दुसऱ्या कोड्यात करू शकतील, म्हणून दर वेळी बघायचं.

टप्पा ६ : त्रिकोण

त्रिकोणांसाठी एकच एक पद्धत नाही. आकृतीची जात ओळखून पत्ता ठरवावा लागतो.

*एका शिरोबिंदूतून पसरलेल्या रेषा.* वरच्या शिरोबिंदूतून पायापर्यंत रेषा काढल्या आहेत आणि पायाचे ४ भाग झाले आहेत, असं समजा. प्रत्येक त्रिकोणाला शिरोबिंदूतून निघणाऱ्या दोन रेषा हव्यात. बाहेरच्या दोन बाजू धरून अशा रेषा ५, जोड्या १०, म्हणून त्रिकोण १०. पायाला समांतर आणखी दोन आडव्या रेषा या बाजूपासून त्या बाजूपर्यंत असतील, तर पाया धरून आडव्या रेषा ३ झाल्या. प्रत्येक जोडीला तीन पाये मिळतात, १० × ३ = ३०. इथे दोन आडव्या रेषांमधल्या पट्ट्या मोजू नका, ते चौकोन आहेत.

*कर्ण असलेले चौरस.* एका चौरसात दोन्ही कर्ण काढले की त्रिकोण ८ : छोटे ४, आणि दोन-दोन तुकड्यांचे ४. त्यातच मधली आडवी आणि मधली उभी रेषा टाकली की १६ : एका तुकड्याचे ८, दोन तुकड्यांचे ४, चार तुकड्यांचे ४. दोन तुकड्यांचे मोजताना सांभाळा. शेजारचे दोन तुकडे कर्णाच्या दोन बाजूंना असतील तर त्यांचा छोटा चौरस होतो, त्रिकोण होत नाही.

दोन बाय दोनच्या जाळीत *प्रत्येक* घरात दोन्ही कर्ण असतील तर तुकड्यांची बेरीज करणं त्रासाचं होतं. तिथे त्रिकोणाची सर्वांत लांब बाजू कशी आहे यावरून मोजा :

- लांब बाजू सरळ, एका घराएवढी : प्रत्येक घरात ४, एकूण १६
- लांब बाजू सरळ, दोन घरांएवढी : आडव्या ४, उभ्या ४, एकूण ८
- लांब बाजू तिरपी, एका घराचा कर्ण : प्रत्येक घरात ४, एकूण १६
- लांब बाजू तिरपी, पूर्ण आकृतीचा कर्ण : ४

उत्तर ४४. दुसऱ्या ओळीत सगळ्यात जास्त माणसं अडकतात. लांब बाजू जाळीच्या मधल्या रेषेवर असेल तर तिच्या दोन्ही अंगांना त्रिकोण आहे, बाहेरच्या कडेवर असेल तर फक्त आतल्या अंगाला.

*त्रिकोणी जाळी.* मोठ्या समभुज त्रिकोणाचे छोटे समभुज त्रिकोण केलेली ही आकृती. इथे पत्त्यात आकारासोबत तोंडाची दिशाही लिहायची : टोक वर की टोक खाली. दोन वेगळे रकाने करा. बाजूत ४ भाग असतील तर :

- टोक वर : १० + ६ + ३ + १ = २०
- टोक खाली : एक भागाचे ६, दोन भागांचा १, एकूण ७

बेरीज २७. दोन भागांचा तो एकुलता एक उलटा त्रिकोण अगदी मधोमध असतो, तरीही तोच सुटतो. उलट्या त्रिकोणाला त्याच्या बाजूच्या दुप्पट जागा लागते. म्हणून बाजूत ४ भाग असताना तीन भागांचा उलटा त्रिकोण शोधत बसू नका, तो बसणारच नाही. बाजूत ३ भाग असतील तर उत्तर १३, ५ असतील तर ४८.

पाठांतरवाल्यांसाठी सूत्र आहे : न × (न + २) × (२न + १) ÷ ८, आणि अपूर्णांक आला तर तो सोडून द्यायचा. माझं मत विचाराल तर हे सूत्र फक्त पडताळ्यासाठी ठेवा. आकृतीतली एक रेघ कमी झाली की ते कुचकामी होतं, रकाने मात्र कामी येतात.

टप्पा ७ : कुठल्याच साच्यात न बसणारी आकृती

तुकड्यांना आकडे द्या, मग १ तुकड्याच्या आकृत्या, २ तुकड्यांच्या, ३ तुकड्यांच्या, अशा चढत्या क्रमानं यादी करा. प्रत्येक जोडगोळीतले आकडे लहानाकडून मोठ्याकडे लिहा, म्हणजे ‘३-७’ आणि ‘७-३’ असा एकच त्रिकोण दोनदा येणार नाही.

सुसम पंचकोनात सगळे कर्ण काढले की आत एक पाच टोकांची चांदणी तयार होते. तुकडे ११ : चांदणीची ५ टोकं, पंचकोनाच्या बाजूंना लागून ५ त्रिकोण, आणि मधला छोटा पंचकोन. आता त्रिकोण मोजा. १ तुकड्याचे १०. २ तुकड्यांचे १० (एक टोक आणि त्याच्या शेजारचा बाजूचा त्रिकोण). ३ तुकड्यांचे दोन प्रकार आहेत : एक टोक व त्याच्या दोन्ही बाजूंचे त्रिकोण असे ५, आणि दोन टोकं व मधला पंचकोन असे ५, मिळून १०. ४ तुकड्यांचा एकही नाही.

आणि इथे बहुतेक जण पेन्सिल ठेवून ३० लिहितात. ५ तुकड्यांचे आणखी ५ आहेत : पंचकोनाची एक बाजू आणि समोरचा शिरोबिंदू घेऊन होणारे उंच त्रिकोण. उत्तर ३५.

*सावधान :* एका पायरीवर शून्य आलं म्हणजे पुढच्या पायऱ्यांवरही शून्यच, असं नसतं. तुकड्यांची एकूण संख्या येईपर्यंत, किंवा ‘याहून मोठा त्रिकोण बाहेर जातो’ हे दिसेपर्यंत थांबू नका.

टप्पा ८ : पडताळा

तीच मोजणी त्याच क्रमानं पुन्हा केली तर तीच चूक पुन्हा होते. म्हणून पडताळ्याचा मार्ग वेगळा हवा. चौरस मोजताना वरच्या डाव्या कोपऱ्याऐवजी खालचा उजवा धरा. आयत जोड्यांनी मोजले असतील तर जाळी लहान करून, दोन बाय दोनची घेऊन, तीच पद्धत ९ देते का ते बघा. तेवढे आयत बोटानंही मोजता येतात.

परीक्षेत सर्वांत उपयोगी पडताळा सममितीचा आहे, आणि तो फारसा कुणी शिकवत नाही. आकृती पाव वळसा फिरवली तरी जशीच्या तशी दिसत असेल, तर तिच्यातला प्रत्येक त्रिकोण फिरून दुसऱ्या जागी जातो आणि चार-चारचे गट पडतात. कुठलाही त्रिकोण अर्धा वळसा फिरवून स्वतःवर बसत नाही. त्यामुळे एकूण त्रिकोण ४ च्या पटीत असलेच पाहिजेत. वरची ८, १६, ४४ ही तिन्ही उत्तरं बघा. पर्यायांत १४, १६, १८, २२ असतील तर न मोजताही १६ वर बोट ठेवता येतं. चांदणीच्या आकृतीत तसंच ५ च्या पटीचं. मात्र चौरसांना हा नियम लावू नका. मधोमध असलेला चौरस फिरून स्वतःवरच बसतो, म्हणून तिथे ३० सारखी उत्तरं येतात. आणि एखादी रेघ गाळलेली असेल तर सममितीच मोडते, तेव्हा आकृती फिरवून बघायची ती टप्पा १ मधली तपासणी झाल्यावरच.

सरावाला

आधी स्वतः कागदावर आखून, रकाने करून मोजा, मगच कंसातलं उत्तर बघा.

- पाच बाय पाचच्या पूर्ण जाळीतले चौरस (५५)
- दोन ओळी, सहा स्तंभ : सगळे आयत (६३), त्यांतले चौरस (१७)
- एका शिरोबिंदूतून निघालेल्या रेषांनी पायाचे ५ भाग, पाया धरून आडव्या रेषा २ : त्रिकोण (३०)
- तीन बाय तीनच्या जाळीत मधल्या घराच्या चारही बाजू पुसल्या : चौरस (५)

शेवटच्या आकृतीत ९ येत असतील तर दोन बाय दोनच्या चौरसांच्या कडा पुन्हा एकदा पेन्सिलीनं फिरवून बघा. चारही चौरसांची कड पुसलेल्या भागातून जाते.